मंद नाडीचा माग

डब्लिनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ साली एका रुग्णाची हकीकत छापून प्रसिद्ध केली. रुग्ण महसूल खात्यातला अडुसष्ट वर्षांचा अधिकारी होता. सात वर्षांत त्याला किमान वीस वेळा झटके आले होते. शुद्ध हरपायची, माणूस निपचित पडायचा आणि काही वेळाने पुन्हा भानावर यायचा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा मेंदूवरचा आघात होता. ॲडम्स यांना मात्र दोन गोष्टी खटकल्या. इतके झटके येऊनही त्याचा एकही हात किंवा पाय लुळा पडला नव्हता, आणि त्याची नाडी मिनिटाला जेमतेम तीस होती. त्यांनी निष्कर्ष काढला की दुखणं हृदयाचं आहे आणि मेंदू त्याची झळ सोसतो आहे. पुढे १८४६ मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी अशा आणखी रुग्णांची वर्णनं दिली. मंद नाडीमुळे अचानक शुद्ध हरपण्याला डॉक्टर आजही स्टोक्स-ॲडम्स झटका म्हणतात.

दुखणं एका जागी दिसतं आणि त्याचं मूळ दुसऱ्याच जागी असतं, हे ॲडम्स यांनी ओळखलं. आज त्यांच्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो. मंद नाडीचं कारण तरी हृदयातच असतं का? पुष्कळदा नसतं. ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत असतं, किडनीत असतं, घरातल्या औषधांच्या डब्यात असतं, कपाशीवर मारलेल्या औषधात असतं. ते मूळ सापडलं तर कित्येकांची नाडी कोणतंही यंत्र न बसवता पूर्ववत होते. ते शोधलंच नाही, तर पेसमेकर बसतो, ठोके वाढतात आणि खरा आजार आत तसाच राहतो. म्हणून नाडी मंद आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न ‘का’ हाच असायला हवा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, आणि घाईच्या तपासणीत नेमका तोच मागे पडतो.

आधी हृदय ठोका कसा देतं ते पाहू. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, डोक्याकडून आणि हातांकडून परतणारी मोठी शीर जिथे उघडते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयाचा अभ्यास करताना आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांच्या हाती तो लागला आणि १९०७ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं. हा सायनस नोड. त्यातून विजेची लहर उठते आणि एका पेशीने शेजारच्या पेशीला खो द्यावा तशी वरच्या कप्प्यांतून पसरत खाली येते. वरचे आणि खालचे कप्पे जिथे भेटतात तिथे दुसरा पुंजका असतो, एव्ही नोड. तो सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत मारबुर्ग इथे काम करताना शोधला आणि १९०६ मध्ये जगापुढे मांडला. लहर तिथे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी रेंगाळते. तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. मग लहर तारांसारख्या तंतूंमधून खालच्या कप्प्यांत पोचते आणि मनगटाला लागतो तो ठोका पडतो.

त्यामुळे नाडी मंदावण्याच्या मुख्य जागा दोन. एक तर सायनस नोडमधून लहरच सावकाश उठते. किंवा ती वेळेवर उठते, पण एव्ही नोडपाशी किंवा त्याखाली अडते. दुसऱ्या प्रकाराला हार्ट ब्लॉक म्हणतात. आपल्याकडे ‘हृदयात ब्लॉकेज आहे’ असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्तवाहिनीतली चरबीची गाठ येते. हा ब्लॉक वेगळा. यात अडते ती वीज. सगळीच वीज अडली तर खालचे कप्पे स्वतःच्या बळावर मिनिटाला वीस ते चाळीस ठोके देत राहतात. एवढ्यावर माणूस जगतो, पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

हृदयाला मज्जातंतूंचा स्पर्शच नसता तर सायनस नोडने मिनिटाला सुमारे शंभर ठोके दिले असते. आपण स्वस्थ बसलेले असताना नाडी सत्तरच्या आसपास असते, कारण मेंदूपासून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस ही नस हृदयाला सतत आवरून धरते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. या कामासाठी लोवी यांना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ॲसिटिलकोलिन हे नाव लक्षात ठेवावं, पुढे शेतात गेल्यावर ते पुन्हा भेटणार आहे.

किती ठोके म्हणजे कमी? पाठ्यपुस्तकांत साठ ही सीमा दिलेली असते. पण रोज पळणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसांची नाडी पन्नास किंवा चाळीसच्या घरातही असते आणि ती उत्तम प्रकृतीची खूण असते. स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराइन याची विश्रांतीतली नाडी अठ्ठावीस असल्याचं सांगितलं जातं. झोपेत तर धडधाकट तरुणांची नाडीही चाळीसपर्यंत उतरते. म्हणूनच अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पन्नास हा आकडा धरला, आणि त्यातही आकड्यापेक्षा त्रासाला जास्त महत्त्व दिलं. भोवळ, शुद्ध हरपणं, थोड्या चालण्याने धाप, सततचा थकवा, वयस्कर माणसाचं गोंधळल्यासारखं वागणं, यांतलं काही आहे का? जिना चढल्यावर नाडी वाढते का? खेळाडूची नाडी पळायला लागल्यावर झपाट्याने चढते. आजारी सायनस नोडवाल्याची चढत नाही आणि तो दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गळून जातो.

घरी नाडी मोजताना एक फसगत होते. हृदयात अधूनमधून वेळेआधीचा ठोका पडत असेल तर त्या ठोक्यात रक्त इतकं कमी फेकलं जातं की मनगटाला ते जाणवत नाही. प्रत्येक दुसरा ठोका असा असेल तर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर किंवा दंडाला बांधलेलं बीपीचं यंत्र अडतीस दाखवतं आणि ईसीजीवर शहात्तर ठोके दिसतात. यंत्रावरचा आकडा पाहून घरात घबराट होते, ती अशा वेळी. उपचार ठरवायचा तो ईसीजी पाहूनच.

आता कारणांकडे वळू. सगळ्यांत आधी औषधं पाहावीत, कारण वयस्कर माणसाच्या मंद नाडीमागे इतकं वारंवार सापडणारं आणि इतकं सहज दुरुस्त होणारं दुसरं कारण नाही. बीपी, छातीत दुखणं, धडधड यांसाठी दिली जाणारी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचा वेग कमी करण्यासाठीच असतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, ॲमिओडॅरोन, आयव्हाब्रॅडिन, क्लोनिडिन यांचंही तेच. यांतली दोन एकत्र आली की परिणाम वाढतो. स्मृतिभ्रंशासाठी दिलं जाणारं डोनेपेझिल शरीरातलं ॲसिटिलकोलिन वाढवतं, म्हणून त्याने नाडी उतरते, हे घरच्यांना सहसा कोणी सांगितलेलं नसतं. मानसिक आजारावरच्या लिथियममुळेही सायनस नोड मंदावू शकतो.

या यादीत सर्वांत सहज निसटतात ते काचबिंदूचे थेंब. टिमोलॉल हे औषध मेटोप्रोलॉलच्याच जातकुळीतलं. डोळ्यात टाकलेला थेंब आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीवाटे नाकात उतरतो आणि तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातो. तोंडावाटे घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि तिचा काही भाग तिथेच निकामी होतो. थेंबाला तो टप्पा लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठली औषधं चालू आहेत?’ तर आजोबा गोळ्यांची नावं सांगतात. डोळ्यातले थेंब हे ‘औषध’ आहे असं त्यांच्या मनातच येत नाही, आणि ते लिहून देणारे डॉक्टरही वेगळे असतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरला तर रक्तात जाणारं प्रमाण बरंच कमी होतं. ही साधी गोष्ट प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला शिकवायला हवी. मात्र यांतलं कुठलंही औषध मनाने बंद करू नये. बीटा ब्लॉकर गटातली गोळी एकाएकी थांबवली तर बीपी उसळतं, आणि हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो.

औषध आणि किडनी एकत्र बिघडल्या की काय होतं, ते उन्हाळ्यात कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात दिसू शकेल अशा एका उदाहरणावरून पाहू. पंचाहत्तरीच्या आजी. बीपीसाठी सकाळी ॲटेनोलॉल आणि टेल्मिसार्टन. दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी गेलं. तिसऱ्या दिवशी त्या नुसत्या पडून आहेत, हाक मारली तर ‘हं’ म्हणतात. नाडी चौतीस.

‘आजी, लघवीला कधी जाऊन आलात?’ डॉक्टर विचारतात. आजींऐवजी सून सांगते, ‘काल सकाळपासून गेल्याच नाहीत, डॉक्टर.’

‘आणि गोळ्या?’

‘त्यांतली एकही चुकवली नाही. बीपीच्या आहेत ना, बंद करायच्या नाहीत असं सांगितलंय. जेवण जात नव्हतं म्हणून नारळपाणी देत होतो. रोज तीन-चार वेळा.’

सुनेने सगळं मायेने आणि सांगितल्याबरहुकूम केलेलं आहे. पण पाणी गेल्याने किडनीचं काम मंदावलं. ॲटेनोलॉल किडनीवाटेच बाहेर पडतं, ते रक्तात साठत गेलं. टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम धरून ठेवलं जातं, आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. रक्तातलं पोटॅशियम लिटरला साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंटच्या दरम्यान असायला हवं. ते साडेसहाच्या वर गेलं की हृदयातली वीज अडखळते. ठोके मंदावले की किडनीला रक्त आणखी कमी पोचतं, मग औषध आणि पोटॅशियम दोन्ही आणखी साठतात. हे दुष्टचक्र आहे. २०१६ पासून डॉक्टर त्याला ब्रॅश सिंड्रोम या नावाने ओळखू लागले. त्याचं वैशिष्ट्य असं की एकेक दोष वेगळा पाहिला तर फार भयंकर वाटत नाही. गोळीचा डोस नेहमीचाच असतो, पोटॅशियमही कधी कधी थोडंसंच वाढलेलं असतं. दोन्ही मिळून मात्र माणसाला खाली ओढतात.

इथे ईसीजी मोलाचा ठरतो. पोटॅशियम वाढलं की त्यातल्या ‘टी’ लहरी तंबूच्या टोकासारख्या उंच आणि अणकुचीदार होतात, सुरुवातीची छोटी ‘पी’ लहर सपाट होत नाहीशी होते आणि पुढे मधली मोठी लहर पसरट होत जाते. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की काही मिनिटांत हृदय सावरू लागतं. इन्सुलिन आणि ग्लुकोजमुळे पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. किडनी साथ देत नसेल तर डायलिसिस करावं लागतं. उपचार वेळेवर झाले तर या आजी दोन-तीन दिवसांत उठून बसू शकतात आणि त्यांना पेसमेकरची गरजही लागत नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी बाजारातलं ‘कमी सोडियमचं मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि बीपीच्या गोळ्या लिहून देताना ‘जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच फोन करा, त्या दिवसांत यांतल्या काही थांबवाव्या लागतील’ एवढं वाक्य जोडलं, तर किती तरी जणांची ही वेळ टळेल.

थायरॉईडचं दुखणं याउलट महिनोन्‌महिने दबा धरून वाढतं. या ग्रंथीचं संप्रेरक हृदयाच्या पेशींना वेग देणाऱ्या यंत्रणा जागत्या ठेवतं. ते कमी पडलं की नाडी उतरते, आणि सोबत सगळ्या शरीराचाच वेग उतरतो. थंडी सोसत नाही, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. गुडघ्याखाली हातोडीने हलकेच ठोकलं तर पाय उसळतो, पण पूर्वस्थितीला यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा खूप जास्त. पन्नाशीच्या बाईने थकवा आल्याचं सांगितलं की घरात ‘वय झालं’, ‘पाळी जायची वेळ आहे’ असं म्हणून विषय मिटवला जातो, आणि तिची वर्षं वाया जातात. टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी पुरते. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतली की काही आठवड्यांत नाडी सुधारते. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला ती अगदी कमी डोसपासून चढवत नेतात, कारण मंद सवयीच्या हृदयाला एकदम पळवलं तर छातीत दुखायला लागतं.

आता शेतात जाऊ. कपाशीवर, भाज्यांवर फवारल्या जाणाऱ्या कित्येक कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली रसायनं असतात. काम झाल्यावर ॲसिटिलकोलिनचं विघटन करणारं एन्झाइम शरीरात असतं, ते ही रसायनं निकामी करतात. मग लोवी यांच्या बेडकाच्या हृदयात जे घडलं ते माणसाच्या सगळ्या शरीरात घडतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, छातीत कफ दाटतो, स्नायू फडफडतात आणि नाडी मंदावते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतले वीसहून अधिक दगावले. डोक्याएवढी वाढलेली पराटी, वाऱ्याविरुद्ध उडणारा फवारा, घामाने भिजलेला सुती सदरा, हातमोजे नाहीत, औषधांची मिसळ. विष कातडीतून आणि श्वासातून आत जातं, त्यासाठी ते प्यावंच लागतं असं नाही. अशा रुग्णाला ॲट्रोपिन पुन्हा पुन्हा देत राहतात. छाती मोकळी होईपर्यंत आणि नाडी ऐंशीच्या वर येईपर्यंत. त्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुणं हाही उपचाराचाच भाग आहे, कारण भिजलेल्या सदऱ्यातून विष अंगात मुरतच असतं.

त्याच महाराष्ट्रात, कोकणात, लाल विंचवाच्या दंशानंतरही सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या आणि मंद नाडी असंच चित्र दिसतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून या दंशाची एकेक पायरी नोंदवली. मंद नाडीचा टप्पा थोडा वेळ टिकतो. त्यानंतर ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा येतो, बीपी चढतं, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं आणि मृत्यू ओढवतो. बावस्करांनी १९८० च्या दशकात प्रॅझोसिन हे बीपीचं स्वस्त औषध वापरून हे मृत्यू मोठ्या प्रमाणावर रोखले. नाडी मंद दिसली म्हणून इथे ॲट्रोपिन देऊ नये, त्याने पुढचा लोंढा अधिक घातक होतो, असं त्यांनी बजावून ठेवलं. फवारणीच्या विषबाधेत जे औषध जीव वाचवतं तेच विंचूदंशात धोक्याचं ठरतं. मनगटाला लागणारी नाडी मात्र दोघांची सुरुवातीला सारखीच. नाडीमागचं कारण का शोधायचं, याचं याहून सडेतोड उदाहरण मला ठाऊक नाही.

कंपाउंडच्या कडेने लावलेली पिवळ्या फुलांची बिट्टी हेही असंच एक विष. तिच्या बियांतली द्रव्यं डिगॉक्सिनसारखी काम करतात: उलट्या, मंद नाडी, हार्ट ब्लॉक, वाढलेलं पोटॅशियम. उत्तर श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून या बिया खाऊन जीव देण्याचे हजारो प्रयत्न झाले. लहान मुलं खेळता खेळता ती फळं तोंडात घालतात. अशा मुलाला उलटी झाली आणि ते बरं दिसलं तरी रुग्णालयात ठेवून त्याच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, कारण ब्लॉक उशिराही येऊ शकतो.

तापात साधारण नियम असा की एक अंश फॅरेनहाइटने ताप चढला की नाडी सुमारे दहाने वाढते. टायफॉईडमध्ये ती त्या मानाने वाढत नाही. ताप एकशे तीन आणि नाडी ऐंशी-पंच्याऐंशी, हे पाहून जुने डॉक्टर रक्ततपासणीआधीच टायफॉईडचा अंदाज बांधत. तेवढ्यावर निदान करू नये, पण खूण टिपून ठेवण्याजोगी आहे. डेंग्यूतून उठतानाही काही दिवस नाडी मंद राहते आणि बहुतेकांची आपोआप पूर्वपदावर येते. घटसर्पाचं विष हृदयाच्या तारांवर उतरलं तर मात्र ब्लॉक जिवावर बेततो. लसीकरणाचे डोस पूर्ण करण्याचं हेही एक कारण.

डोक्याला मार लागलेल्या माणसाची नाडी मंदावत चालली, बीपी चढत गेलं आणि श्वास अनियमित झाला, तर कवटीच्या आत दाब वाढतो आहे असं समजायचं. हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिलेली ही खूण आहे, आणि ती दिसते तेव्हा हाताशी वेळ थोडा असतो.

मंद नाडीचं कारण खरोखर हृदयातच असतं तेव्हा हार्ट अटॅक विसरता कामा नये. उजवीकडची मुख्य रक्तवाहिनी बहुतेक माणसांत एव्ही नोडला रक्त पुरवते. ती बंद झाली की हृदयाच्या तळाचा भाग मरू लागतो आणि नाडी उतरते. दुखणं छातीपेक्षा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळतं, दरदरून घाम येतो. लोक ॲसिडिटी समजून सोडा पितात. पोटात जळजळ, घाम आणि नाडी पंचेचाळीस, असं एकत्र असेल तर सोडा शोधत न बसता ईसीजी काढायला निघावं. बंद वाहिनी वेळेवर उघडली तर हा ब्लॉक बहुधा काही दिवसांत जातो आणि कायमचा पेसमेकर लागत नाही.

रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोकेही झोपेत काही सेकंद थांबतात. चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत हे विराम पाहून पेसमेकरचा सल्ला देण्याआधी झोपेची तपासणी करावी, कारण श्वसनमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र लावल्यावर पुष्कळांचे विराम नाहीसे होतात. उपासमारीतही नाडी उतरते. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांची सरासरी नाडी पंचावन्नवरून पस्तीसच्या आसपास आली. बारीक होण्याच्या ध्यासाने जेवण टाकलेल्या मुलीची नाडी चाळीस भरली तर तिच्या तंदुरुस्तीचं कौतुक करू नये. तिचं शरीर स्वतःला खात असतं आणि तिला तातडीने मदत हवी असते.

ही सगळी कारणं धुंडाळून झाल्यावर उरतात ती वयाने झिजलेली हृदयं: सायनस नोडच्या पेशींच्या जागी तंतुमय ऊती भरलेली, किंवा खालच्या तारा कायमच्या तुटलेली. त्यांच्यासाठी पेसमेकर हा निव्वळ जीवदान आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात पूर्णपणे शरीराच्या आत राहणारा पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यांना संसर्गानंतर पूर्ण ब्लॉक झाला होता आणि दिवसाला वीस-तीस वेळा शुद्ध हरपत होती. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रुने एल्मक्विस्त यांचा पिच्छा पुरवला. एल्मक्विस्त यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात यंत्र ओतलं. ते काही तासांतच बंद पडलं. त्यानंतर लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रं बसवावी लागली, पण ते २००१ पर्यंत, शहाऐंशी वर्षं जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्त या दोघांच्याही नंतरपर्यंत. आजचं यंत्र दहाएक वर्षं चालतं आणि हृदय स्वतः ठोका देत असेल तर गप्प बसतं. ज्याच्या खालच्या तारा तुटल्या आहेत त्याने ‘शरीरात यंत्र नको’ म्हणून टाळाटाळ करू नये. पुढची भोवळ जिन्यावर किंवा रस्त्यात आली तर तिची किंमत फार मोठी असते.

एक कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यात मंद नाडी एकाची असते आणि आजार दुसऱ्याचा. गर्भातल्या बाळाचे ठोके मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ असतात. अठरा ते चोवीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीत कधी ते साठ दिसतात. बाळाच्या हृदयाची घडण व्यवस्थित असते, वरचे कप्पे नेहमीच्या वेगाने चालत असतात, खालचे मात्र आपल्याच संथ लयीत. अशा वेळी आईचं रक्त तपासतात आणि त्यात बहुतेकदा अँटी-रो नावाची प्रतिपिंडं सापडतात. ती वारेतून बाळात उतरतात आणि त्याचा एव्ही नोड जाळून टाकतात. ही प्रतिपिंडं ल्युपस किंवा शोग्रेन या आजारांत आढळतात, पण यांतल्या कित्येक आयांना स्वतःला काहीच झालेलं नसतं, किंवा डोळे कोरडे पडणं, सांधे दुखणं, उन्हात चेहऱ्यावर चट्टे येणं अशा तक्रारी असतात, ज्यांकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं. बाळाच्या ठोक्यांमुळे आईच्या आजाराचा पत्ता लागतो. पूर्ण ब्लॉक झाला की तो बहुतेक कायमचाच राहतो, आणि यांतल्या बऱ्याच मुलांना लहानपणीच पेसमेकर लागतो. तरी ही प्रतिपिंडं असलेल्या शंभर स्त्रियांमध्ये एखाद-दोघींच्याच बाळाला हा ब्लॉक होतो, हे त्या आईला आवर्जून सांगायला हवं. तिच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, हेही. एका बाळाला झाला असेल तर पुढच्या गरोदरपणात धोका वाढतो. म्हणून तेव्हा सोळाव्या-सतराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची वारंवार तपासणी करतात, आणि आईला गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. मलेरियासाठी आणि संधिवातासाठी अनेक वर्षं वापरात असलेल्या या गोळीने पुढच्या बाळाला ब्लॉक होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं.